पायाची चूक पायानेच

मुलांनो, अशी एक खोली डोळ्यांपुढे आणा. पावलांनी झिजून गुळगुळीत झालेली फरशी. एका भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा. कोपऱ्यात धरून चालायची लोखंडी चौकट आणि तिच्यावर वाळत टाकलेले टॉवेल. दाराजवळ खुर्चीत आजी. समोर घुंगरू बांधलेली तिची नात. नातीचा पाय नुकताच पुन्हा चुकला आहे.

"दगडोबा," आजी म्हणाली, "तुझ्यापेक्षा तो खिडकीचा पडदा बरा हलतो."

नात खाली मान घालून उभी राहिली.

आजीने तरुणपणी मोठमोठे रंगमंच गाजवले आणि मग उरलेलं आयुष्य या खोलीत नाच शिकवला. तेव्हा जिन्यात चपलांचा असा ढीग पडायचा, की मुली एक आपली आणि एक मैत्रिणीची घालून घरी जायच्या. आता जिना मोकळा होता. आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. यथावकाश ते जुळलंही. "आता उठून चाला," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर ही खुर्ची कायमची."

आजीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ज्या पायांवर लोकांनी जीव ओवाळून टाकला, त्यांनी आता चौकट धरून खुरडत चालायचं? त्यापेक्षा खुर्ची बरी.

व्यायाम करून घेणारी ताई आजही आली होती. आजीने तिला दारातूनच वाटेला लावलं.

"कालची पोर तू. माझ्या पायांना चालायला शिकवणार?"

ताई जिना उतरून गेली.

"आई, पुरे करा की आता," स्वयंपाकघरातून सून म्हणाली. "नाही येत पोरीला, तर नाही येत."

"मग माझ्यामागे कोण नाचणार? तू?"

सुनेने कुकरचं झाकण जरा जोरातच लावलं.

आजीच्या गुरुजींचा एक नियम होता. पायाची चूक पायानेच सुधारायची, तोंडाने नाही. गुरुजींना दमा होता. चार पायऱ्या चढले की भिंत धरायचे. पण शिष्येचं पाऊल चुकलं की धापा टाकत उठायचे, ते करून दाखवायचे आणि मगच बसायचे. आजीनेही जन्मभर तो नियम मोडला नव्हता. सुरुवातीला तिने नातीला बसल्या बसल्या टाच आपटून ठेका दाखवला. तो काही पोरीला जमेना. मग खुर्चीचा हात धरून, उभी राहून दाखवला.

आज गत होती. गत म्हणजे नाचातलं चालणं. डोक्यावर घडा घेऊन बाई नदीवर निघाली आहे. खुर्ची म्हणजे घर, खिडकी म्हणजे नदी.

नात निघाली.

"अगं, घडा आहे डोक्यावर. गादी नाही."

नात पुन्हा निघाली. मान हलली, खांदे पडले.

"फुटला घडा," आजी म्हणाली. "सरक बाजूला."

ती उठली. एक हात भिंतीवर होता. दुसरा वर गेला आणि न दिसणारा घडा त्याने सावरला. एक पाऊल पडलं, मग दुसरं. तिसऱ्याला भिंत सुटली. आरशात पांढऱ्या केसांची बाई दिसायला हवी होती, पण आजीला दिसली परकर नेसलेली एक मुलगी, आणि तिच्यामागे धापा टाकत मान डोलावणारे गुरुजी. आजी खिडकीशी पोचली आणि तिथल्या स्टुलावर बसली. तिला दम लागला होता.

"कळलं?"

"थोडं थोडं," नात म्हणाली आणि पुन्हा चुकली.

आजीने डोळे मिटून घेतले. गुरुजींनी एवढ्या कष्टाने दिलेलं सगळं या दगडापाशी येऊन संपणार होतं.

"जा, खेळ जा. उद्या बघू."

नातीने घुंगरू सोडले आणि ती जिना उतरली. खाली शेवटच्या पायरीवर व्यायामाची ताई अजून बसून होती. नातीने डोक्यावरचा न दिसणारा घडा सावरला आणि जिन्यापासून फाटकापर्यंत, मान न हलवता, आजीसारखीच चालत गेली.

"आज आजी नदीपर्यंत आली," ती मागे वळून म्हणाली. "उद्या मी परत येताना चुकते."