दूधपाव

हिल्डाने चमचा पुढे केला आणि कथबर्टने तोंड मिटून घेतलं. अर्धंच मिटलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवी बाजू त्याचं ऐकत नव्हती. तिथून दूध हनुवटीवर ओघळलं.

"अरे, दोन घास घे की. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. पलंग खालच्या खोलीत, खिडकीला लागून आणला तो त्याच्याच हट्टापायी. परसातलं फेरेटांचं, त्याच्या त्या मुंगसासारख्या शिकारी जनावरांचं, खुराडं दिसलं पाहिजे म्हणे! बायको दिसली नाही तरी चालेल.

खुराड्यापाशी शेजारचा स्टॅन वाकला होता. त्याने अख्खा ससा आत टाकला, कातड्यासकट. त्याची लाडकी मादी क्वीनी आपलं लांबोडकं अंग वळवत बाहेर आली, सशाची मान धरली आणि ओढत पेंढ्यात घेऊन गेली. मागोमाग तिची पिल्लं. हाडं फुटल्याचा आवाज काचेतून आत आला. कथबर्टच्या तोंडाला पाणी सुटलं. हिल्डाने ते पाहिलं आणि तिचं काळीज हललं.

स्टॅन हात पुसत आत आला. "तुझी क्वीनी बघ रे, कशी तुकतुकीत झालीय. केस नुसते चमकताहेत. उद्याचा ससा दारामागे खिळ्याला टांगलाय, हिल्डा." मग त्याची नजर तिच्या हातातल्या वाडग्यावर गेली आणि त्याला हसूच फुटलं. "दूधपाव? ह्याला? अगं, माझ्या बापाने, आज्याने, अख्ख्या गावाने फेरेटांना दूधपावच घातला. मीही घालत होतो. माझ्या फेरेटाचे मागचे पाय गेले तेव्हा भर क्लबात हा माझ्यावर केवढा ओरडला होता! म्हणे, पोट भरतं रे गाढवा, जीव पोसत नाही. दूधपाव घालण्यापेक्षा फावडं घाल त्याच्या डोक्यात, लवकर सुटेल तरी..."

स्टॅनने एकदम कथबर्टकडे पाहिलं.

"फावडं," कथबर्ट म्हणाला.

हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून त्याच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. हा मात्र लख्ख फुटला.

"मी... मी येतो," असं काहीतरी पुटपुटत स्टॅनने टोपी उचलली आणि निघून गेला.

"गप्प बस," हिल्डा म्हणाली. "मी काय फेरेट पाळलंय? नवरा आहेस माझा. घे हे." पण चमचा वर उचलवेना तिला.

नर्सने बजावून ठेवलं होतं. घट्ट घास म्हणून द्यायचा नाही, घशाऐवजी श्वासनळीत उतरेल, छातीत जाईल, आणि मग काही खरं नाही. मिक्सरमधून काढलेलं मटण देऊन पाहिलं, तर त्याने ते भिंतीवर थुंकलं. उरला हा दूधपाव. त्यावर त्याचा नुसता सापळा झाला होता. गळ्याखालची कातडी लोंबत होती, केस पेंढ्यासारखे राठ झाले होते, आणि कूस बदलताना कमरेचं हाड तिच्या तळहाताला टोचायचं. अशा फेरेटाकडे बघून कथबर्टने त्याच्या मालकाचा बाप काढला असता!

कथबर्टच्या खाणीत संप झाला त्या वर्षी घरात एक दमडी येत नव्हती, तेव्हा क्वीनीच्या खापरपणजीने बिळातले ससे हुसकून बाहेर काढले म्हणून घरात चूल पेटली होती. तेव्हासुद्धा पहिली तंगडी खुराड्यात जायची. जिने पकडलं तिने आधी खायचं, हा त्याचा कायदा. हिल्डा चिडायची, भांडायची, उरलेलं शिजवायची.

ती वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेली. मोरीला धरून रडली, अगदी पोटभर रडली. मग नाक पुसलं, दूधपाव ओतून दिला आणि दारामागचा ससा उतरवला.

कातडं सोलायला हात अजून विसरले नव्हते. एक तंगडी आणि कलेजी तिने खुराड्यात नेऊन टाकली. कायदा म्हणजे कायदा. बाकीचं कांदा, गाजर, मिरी घालून मंद आचेवर ठेवलं. घरभर वास सुटला. आतून पलंग करकरला. उठायचा प्रयत्न करत होता मेला! ती तशीच उभी राहिली. आत जायचं तिच्या जिवावर आलं होतं. मांस हाडापासून सुटेपर्यंत तिने झाकण चार वेळा काढलं आणि चार वेळा ठेवलं.

फेरेटांच्या पिल्लांसाठी कथबर्ट चिरायचा तेवढं बारीक तिने मांस चिरलं, पण दळलं नाही. पाठीशी दोन उशा लावून त्याला बसतं केलं. नवा टॉवेल गळ्याशी खोवला, इस्त्रीचा.

"नर्स काय म्हणाली ते तू ऐकलंयस ना?"

त्याने मान हलवली.

"छातीत गेलं तर मी एकटी आहे इथे. मला काही करता यायचं नाही. कळतंय ना तुला?"

त्याने पुन्हा मान हलवली आणि आपला चांगला हात तिच्या मनगटावर ठेवला. तिने चमचा भरून पुढे केला.

"मग घे," हिल्डा म्हणाली. "फावडं आणलंय."

कथबर्ट अर्ध्या तोंडाने हसला आणि त्याने तोंड उघडलं.