मुकी राखण

बाळ दुपारी तासभर झोपलं, तर हेमांगीला तासभर पाठ टेकता येणार होती. तेवढ्यासाठी तिने सासूचं तोंड बंद केलं. “आई, तुमी कावळ्यांवर वरडता, म्हणून याचा डोळा लागत नाय.” अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, आणि नवापूरच्या किनाऱ्यावरचे कावळे काही रजेवर नव्हते. “बरं बाय, आज तोंडाला कुलूप,” सासू हसली. बाळ झोळीत निजलं, हेमांगी चटईवर. जाग आली तेव्हा ऊन कललेलं. कावळ्यांनी बोंबील संपवल्याच्या धास्तीने तिने दार उघडलं. एकही बोंबील हलला नव्हता. सासू मुकाट फडकं फिरवत तापल्या वाळूत धावत होती, अनवाणी. फटफट वाजतात म्हणून चपला उंबऱ्यापाशीच काढलेल्या. “निजलं ना पोर?” ती कुजबुजली. हेमांगीने मान खाली घालून चपला पुढे केल्या. तळव्यांवरच्या फोडांमुळे चढेनात. झोप दोघांची झाली, चटके एकटीने सोसले.