गच्चीवरचा डोंगर

फोर्टातल्या जुन्या उंच इमारतीचा फोटो मी मोबाइलवर दाखवला, तशी पोलादपूरची जनीकाकी हरखली.

"हितंच तुझे काका लिफ्टमन होते. नवी नवरी असताना मी आईच्या आठवणीनं रडले, की मला लिफ्टनं गच्चीवर न्यायचे. समुद्रापल्याड आपला डोंगर दाखवायचे."

समुद्रापल्याड दिसतो तो मुंबईतलाच मलबार हिल. मी तसं म्हणणार, तोच शेजारी बसलेल्या हरिबाकाकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ते गोठ्याकडे सटकले.

"ठाव हाय गो मला," काकी हळूच म्हणाली. "आपल्या डोंगरामागनं सूर्य उगवतो. तिथं तर बुडत होता."

"मग तरी रडायचीस?"

 

"पयल्यांदा खरं रडले. मंग लिफ्टीत बसायला मिळायचं म्हणून."