दाबलेला काटा

कॅनडात लेकीकडे आलेल्या बुवांनी टेबलावरचे गळ पाहून नजर वळवली. चाळीस वर्षं कीर्तनात भूतदया सांगितलेली, गळ्यात तुळशीची माळ. समोर जावई डाव्या हातानं दोरीत मणी ओवत होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून उजवा हात त्याचं ऐकत नव्हता. खाडीत सॅमन मासे आले होते आणि सहा महिन्यांनी तो उद्या पहिल्यांदा बोट काढणार होता.

तिसरा मणी घरंगळला. “राहू दे, नाही जात मी,” म्हणत जावयानं तोंड फिरवलं.

बुवांनी मनातल्या मनात विठ्ठलाची क्षमा मागितली आणि खुर्ची पुढे ओढली. “सांगा, जावईबापू. वीणेच्या तारा लावलेला हात आहे हा.”

“आधी माशाला भुलवणारं फिरकीचं पातं, मग मणी, शेवटी गळ. तो मोठा गळ नको, जड आहे. पातं फिरणार नाही. हा लहान घ्या. आणि त्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा.”

“ते कशाला?”

“इथला नियमच आहे. काटा दाबलेला असला की दोरी सैल पडताच मासा निसटतो.”

“म्हणजे त्यालाही वाट ठेवलीय तर!” बुवांचा चेहरा उजळला. काटा त्यांनी एकदा दाबला, बोटानं चाचपला, पुन्हा दाबला.

“बाबा, एवढा दाबलात तर एकही लागायचा नाही!” जावई कितीतरी दिवसांनी हसला. “उद्या तुम्हीच चला बोटीवर.”

“येतो की. मासा सुटला तर गजर करायला कुणीतरी हवं ना?”