झाशीचं पाणी

"कान्होजीराव, जावई इथं समोर उभे आहेत आणि तुम्ही झाशीचा माणूस कुठे शोधत बसलात? लिहू का यांचं नाव?" परवान्याच्या खिडकीतून भालचंद्र कारकुनांनी विचारलं.

कान्होजींनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, होईल बंदोबस्त, संध्याकाळपर्यंत खिडकी उघडी आहे ना?

गोष्ट खरं तर एवढीशी. मध्य भारत हे राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, ग्वाल्हेरच्या ट्रकांवर नव्या राज्याची पाटी रंगली, आणि पाठोपाठ नवा नियम आला. ट्रक परराज्यात न्यायचा तर दर मार्चअखेर परवाना नवा करायचा, आणि त्या राज्यात पत्ता असलेल्या कुणाची तरी सही आणायची. सरकारी कागद त्याच्या दारी जाणार. झाशी उत्तर प्रदेशात, म्हणजे परराज्य. आज शेवटचा दिवस; सही झाली नाही तर झाशीचा रस्ता यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होता.

आणि झाशीलाच तर कान्होजींनी आपली एकुलती एक सुलोचना दिली होती. नियम कानावर पडताच तिनं नवऱ्याला, मानसिंगरावांना, पहिल्या गाडीनं इकडे पिटाळलं. वाटेत तहान लागेल म्हणून फिरकीचा तांब्या भरून हाती दिला. मानसिंगरावांनी आल्या आल्या फिरकी उघडून तांब्या सासऱ्यांपुढे धरला होता. कान्होजींनी विचारलं, पाणी कुठलं? घरचं, असं ऐकताच त्यांनी हात मागे घेतला.

आता सहीचंही तेच झालं.

"मुलीला मूल होईतो आम्ही तिच्या घरचं पाणी पीत नाही, मानसिंगराव. मग तिच्या दारावर धंदा कसा चालवू?"

सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. कान्होजींचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, संस्थान गेलं, नातवाच्या नशिबी ट्रक आले, पण पीळ आपला तसाच! मानसिंगराव शांत माणूस. त्यांनी तांब्या बाकावर ठेवला.

सुलोचनेच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती पाण्याचा पेला घेऊन पुढे येईल आणि आपण नको म्हणू, हे कान्होजींना नुसतं मनात आणूनही सोसत नसे. म्हणून ते तिच्या उंबऱ्यापर्यंत कधी गेलेच नाहीत. त्याऐवजी त्यांनी आपले ड्रायव्हर दौलतसिंह यांना सांगून ठेवलं होतं, मंगळवारी माल घेऊन जाल तेव्हा तिच्या घरावरून जाताना दोनदा हॉर्न द्यायचा. ती गच्चीवर यायची. दौलतसिंह परतले की कान्होजी विचारायचे, कशी दिसली? ते म्हणायचे, बरी दिसली. बापलेकीचं बोलणं काय ते एवढंच.

कान्होजींनी दौलतसिंहांना नई सडकेवर धाडलं. तिथल्या एका शेटजींची झाशीत पेढी होती, ते सही देतील अशी खात्री होती. निघताना दौलतसिंह बाकावरचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याले. त्यांना कसलं आलंय बंधन!

उन्हं कलली. भालचंद्रांनी दोनदा मान बाहेर काढून पाहिलं. आत शिपाई किल्ल्या वाजवू लागला तरी त्यांनी खिडकी अर्धी उघडी धरून ठेवली होती. दौलतसिंह धापा टाकत आले ते एकटेच.

"शेटजी आगऱ्याला गेलेत. कल सुबह येतील."

कान्होजींनी खिडकीकडे पाहिलं, मग जावयाकडे. तोंडातून शब्द फुटेपर्यंत शिपायानं आतून कडी लावली. भालचंद्र मागच्या दारानं बाहेर आले आणि सायकलीवर बसून गोरखीतल्या आपल्या घराकडे निघून गेले. कान्होजींच्या घराण्यातली सगळी लग्नं त्यांच्या भटजी वडिलांनी लावली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

मानसिंगराव उठले. गाडीची वेळ झाली होती. रागावलेले दिसत नव्हते, नुसते दमलेले दिसत होते.

"मामासाहेब, मंगळवारी ती गच्चीवर येऊन उभी राहील. ट्रक का येत नाही म्हणून विचारील. काय सांगू तिला?"

कान्होजी बाकावर बसले. नळाशी दौलतसिंह तोंड धूत होते. मग ते ट्रककडे गेले. कान्होजींना त्यांच्याकडे बघवेना. यापुढे, कशी दिसली, हे कुणाला विचारणार?

"तो तांब्या द्या इकडे," ते म्हणाले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

मानसिंगरावांनी तांब्या उचलला. फिरकी अर्धी उघडून त्यांचा हात थांबला.

"मामासाहेब, तिनं भरून दिलेलं संपलं. हे आत्ता दौलतसिंहांनी भरलंय, तुमच्या इथल्याच नळाचं."

तांब्या तरी तिच्याच घरचा होता. कान्होजींनी ओंजळ मागे घेतली नाही.