भरकटलेला ठिपका

शाळेच्या गाइड्सचा वाळवंटात कॅम्प होता आणि मुलींचे मोबाइल आधीच जमा करून घेतले होते. म्हणून कृष्णकांतने लेकीच्या सॅकच्या अस्तरात गुपचूप एक ट्रॅकर शिवून टाकला. त्याच्या बायकोला, रेखाला ते पटलं नव्हतं. “अरे, उत्तरा पॅट्रोल लीडर आहे, अख्खी तुकडी सांभाळते. तिलाच काय सांभाळतोस?”

दुसऱ्या दिवशी तो शहरात, अल् खुवैर भागातल्या ऑफिसात असताना फोनवरचा ठिपका कॅम्प सोडून निघाला. थांबायचा, भलतीकडे वळायचा, पुन्हा पुढे सरकायचा. हरवलेलं माणूस असंच चालतं. टीचरचा फोन लागेना. मीटिंग अर्धवट टाकून त्याने गाडी काढली. वाटेत रेखाचे फोनवर फोन. त्याचं एकच उत्तर, “ठिपका अजून चालतोय.”

डांबरी रस्ता संपला तिथे गाडी सोडून तो वाळूतून धावत सुटला. ठिपका टेकाडापलीकडे होता. उत्तराला हाका मारत तो धापा टाकत वर चढला.

पलीकडे एक उंट निवांतपणे झुडूप ओरबाडत होता. त्याच्या गळ्यातल्या दोराला ट्रॅकर बांधलेला होता. खाली दूरवर तंबू दिसत होते, झेंडा दिसत होता, मुलींची रांग, आणि रांगेच्या पुढे उत्तरा.

तो ट्रॅकर सोडवू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

“सापडली का रे?” रेखा रडकुंडीला आली होती.

“ती ठीक आहे गं,” कृष्णकांत म्हणाला. “तिने मारलेली गाठ मला सुटत नाहीये.”