भरपाईचा शेवटचा दिवस

“पान उलटा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. दामोदरने चाचपडत पान उलटलं. पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याला दिसत होता नुसता अंधार. अक्षरं बाईंना दिसत होती.

सहा वर्षांपूर्वी त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बाटलीवर चुकीचं लेबल लावलं, आणि रसायन उसळून बाईंच्या तोंडावर उडालं. त्यांचा चेहरा भाजला आणि डोळे कायमचे गेले. न्यायालयाने भरपाई ठरवली, की दामोदरने कानामागे नजर दुसऱ्याकडे पोचवणारी पट्टी लावून पाच वर्षं रोज दोन तास आपली नजर बाईंना द्यायची. त्याने एकही दिवस चुकवला नव्हता. आज मुदत संपत होती.

बाईंनी पुस्तक मिटायला सांगितलं. “आता माझ्याकडे वळा.”

दामोदर दचकला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी आपल्याकडे वळू दिलं नव्हतं, की त्याच्यासोबत त्या आरशासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या.

“कशाला, बाई?”

“काय गेलं ते पाहिल्याशिवाय फिटलं असं कसं म्हणू?”

तो वळला. मग बाईंचा हात त्याच्या गालाला लागला.

“डोळे पुसा, दामोदर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला नीट दिसत नाहीये.”